ताटातली साखर आणि गाठीतली साखर

सातारा जिल्ह्यातून एका मुलीचं पत्र आलं आहे. तिचं वय ३३. आईला, वय ५९, स्तनाचा कॅन्सर असल्याचं काही महिन्यांपूर्वी कळलं. आठ केमो ठरल्या आहेत, तीन झाल्या, ऑपरेशन त्यानंतर. पेट स्कॅनच्या वेळी तिथल्या माणसाने समजावून सांगितलं की कॅन्सरच्या पेशी साखर जास्त ओढतात, म्हणून स्कॅनमध्ये उठून दिसतात. त्या दिवसापासून आईची साखर, गूळ, भात, फळं, दूध आणि बटाटा बंद झाला. परदेशातल्या मामेभावाने व्हिडिओ पाठवल्यावर भाकरीही अर्धीवर आली, आणि आता ‘कीटो’, म्हणजे भात-भाकरी-साखर जवळजवळ बंद करून चरबीवर भर देणारा आहार, सुरू करायचं चाललं आहे. अडीच महिन्यांत आईचं वजन ५४ किलोवरून ४८.५ वर आलं. चौथी केमो अशक्तपणामुळे आठवडाभर पुढे ढकलली. डॉक्टर म्हणतात, सगळं खाऊ द्या. शेजारच्यांनी आणलेला कंदी पेढा आई स्वयंपाकघराच्या दाराआड खाताना दिसली, तेव्हा मुलीने तो तिच्या हातातून काढून घेतला. आई भांडली नाही. ‘बरं’ म्हणाली, आणि रात्री जेवली नाही. मुलगी विचारते, “मावशी, स्कॅनमध्ये मी डोळ्यांनी पाहिलंय. मग डॉक्टर असं का सांगतात? मी चुकतेय, की ते काही लपवताहेत?”

मावशी म्हणालीस, म्हणून मीही ‘तू’च म्हणते.

पेढ्याचा प्रसंग तू पत्राच्या अगदी शेवटी, दोन ओळींत उरकलास. मला मात्र सगळं पत्र त्या दोन ओळींसाठीच लिहिल्यासारखं वाटलं. त्याकडे मी येते. पण प्रश्न तू विज्ञानाचा विचारला आहेस, आणि त्याचं धड उत्तर मिळाल्याशिवाय तुझं मन हलणार नाही, हे मला कळतं. मी तीस वर्षं कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवलं. पेशी साखरेचं काय करते हा माझा रोजचा धडा होता.

आधी हे सांगते की तू जे पाहिलंस ते खरं आहे. कॅन्सरच्या पुष्कळशा गाठी आजूबाजूच्या पेशींपेक्षा कितीतरी जास्त ग्लुकोज ओढतात. ही अफवा नाही. १९२० च्या दशकात बर्लिनमध्ये ओटो वारबुर्ग या शास्त्रज्ञाने उंदरांच्या गाठींचे कागदासारखे पातळ काप काचेच्या भांड्यात ठेवले आणि ते किती ऑक्सिजन घेतात, किती आम्ल सोडतात हे मोजलं. निरोगी पेशीला ऑक्सिजन मिळाला की ती ग्लुकोज शेवटपर्यंत जाळते. गाठीतल्या पेशी मात्र भरपूर ऑक्सिजन असूनही ग्लुकोज अर्धवट मोडत होत्या आणि लॅक्टिक आम्ल बाहेर टाकत होत्या. एटीपी म्हणजे पेशीच्या हातातली रोख रक्कम समज. ग्लुकोजचा एक रेणू शेवटपर्यंत जाळला तर साधारण ३० एटीपी मिळतात. अर्धवट मोडला तर फक्त २. एवढा तोट्याचा धंदा गाठ का करते, हे कोडं शास्त्रज्ञांना पुढे कित्येक वर्षं पुरलं.

वारबुर्गचं म्हणणं असं होतं की पेशीची भट्टी, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, बिघडते आणि म्हणून कॅन्सर होतो. फॉरवर्डमध्ये पुढे जोडलेलं असतं की याच शोधाबद्दल त्याला १९३१ चं नोबेल मिळालं. तसं नाही. ते नोबेल पेशीच्या श्वसनातल्या एका एन्झाइमवरच्या कामासाठी होतं. आणि भट्टी बिघडण्याचं त्याचं म्हणणं बहुतेक कॅन्सरच्या बाबतीत टिकलं नाही. त्या पेशींची भट्टी चालू असते. मग साखर कशाला? आपल्याकडे लाकूड चुलीतही जातं आणि घराला वासा म्हणूनही लागतं. भराभर वाढणाऱ्या पेशीला जळणापेक्षा वासे जास्त हवे असतात. एकीच्या दोन पेशी व्हायच्या तर डीएनए दुप्पट लागतो, पेशीभोवतीचं स्निग्ध आवरण दुप्पट लागतं, प्रथिनं दुप्पट लागतात. ग्लुकोज पूर्ण जाळून टाकलं तर या बांधकामाला माल कुठून आणायचा? म्हणून ती ते अर्धवट मोडते आणि मधले तुकडे बांधकामाकडे वळवते. आणि ती एकट्या साखरेवर जगत नाही. ग्लुटामिन नावाचं अमिनो आम्ल ती आवडीने घेते, गरज पडली तर चरबीही वापरते. हे ग्लुटामिन लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

आता स्कॅनकडे. तुझ्या आईला शिरेतून दिलं ते साधं ग्लुकोज नव्हतं. ग्लुकोजच्या रेणूला फ्लोरिन-१८ हा किरणोत्सारी अणू जोडलेला असतो. तो पेशीत शिरतो, पहिली पायरी पार करतो आणि तिथेच अडकतो, कारण पुढच्या पायरीला हा बदललेला रेणू चालत नाही. जिथे जास्त अडकला तिथे स्कॅनमध्ये ठिपका. साधारण ११० मिनिटांत त्या फ्लोरिनची तीव्रता निम्मी होते, म्हणून तिथे सगळं घड्याळ लावून चालतं.

फाइल काढ आणि त्या फिल्म पुन्हा एकदा बघ. डोक्याचा भाग घेतलेला असेल तर आईचा मेंदू गाठीइतकाच, कदाचित गाठीपेक्षाही ठळक दिसेल. हृदय दिसू शकतं. मूत्राशय हमखास दिसतं, कारण औषध तिथून बाहेर पडतं. क्षयाची गाठसुद्धा पेट स्कॅनमध्ये चमकते, आणि आपल्याकडे क्षय इतका की हे स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरांना सतत ते ध्यानात ठेवावं लागतं. उलट प्रोस्टेटच्या पुष्कळ कॅन्सरमध्ये याच स्कॅनमध्ये फारसं काही दिसत नाही. म्हणजे कोणती पेशी या घडीला साखर ओढते आहे एवढंच त्या चित्रात आहे. ती साखर काल रात्रीच्या भाताची की आईच्या दंडाच्या स्नायूची, ते चित्र सांगत नाही.

तू आणखी एक लिहिलंस की ‘स्कॅनच्या दिवशी त्यांनीच उपाशी या म्हटलं, साखर तपासली, मग रोज खाल्लेली कशी चालते?’ हा प्रश्न मला आवडला, कारण तू नीट विचार करते आहेस. स्कॅनआधी चार ते सहा तास उपाशी ठेवतात ते चित्र स्वच्छ यावं म्हणून. रक्तात आधीच भरपूर ग्लुकोज असेल तर किरणोत्सारी ग्लुकोजला पेशीत शिरायला जागा मिळत नाही. आणि नुकतंच जेवण झालं असेल तर इन्शुलिन वाढलेलं असतं, ते सगळं स्नायूंत ढकलतं. फोटो काढताना हलू नका म्हणतात तसा तो नियम आहे. फोटो झाला की संपला.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे. तू असं धरून चाललीस की ताटातली साखर काढली की गाठीतली साखर कमी होईल. या दोघींच्या मध्ये आईचं लिव्हर बसलेलं आहे, आणि ते तुझं ऐकत नाही.

माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून एका वेळी जेमतेम ५ ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे चहाचा एक चमचा. पण एकट्या मेंदूला दिवसाला साधारण १२० ग्रॅम लागतं. म्हणून शरीर हा एक चमचा रिकामा होऊ देत नाही. लिव्हरमध्ये साठवलेली साखर साधारण दिवसभर पुरते. ती संपली की लिव्हर नवीन साखर बनवायला घेतं, आणि त्याचा मुख्य कच्चा माल म्हणजे स्नायूंची प्रथिनं. साधारण १०० ग्रॅम प्रथिनं मोडली की ५०-६० ग्रॅम ग्लुकोज मिळतं, आणि १०० ग्रॅम प्रथिनांसाठी अर्धा किलोच्या आसपास स्नायू जातो. काही दिवसांनी शरीर चरबीपासून कीटोन बनवून मेंदूची गरज अंशतः भागवतं, त्यामुळे ही मोडतोड मंदावते, पण थांबत नाही. आठवडेच्या आठवडे उपास केलेल्या माणसांच्या रक्तातली साखरही ६०-७० च्या आसपास टिकून राहते. गाठीला तेवढी पुरते. शिवाय स्नायू मोडताना ग्लुटामिन बाहेर पडतं. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेलं तेच ते. आणि गाठ जे लॅक्टिक आम्ल टाकते, ते लिव्हर उचलतं, स्वतःची ऊर्जा खर्चून त्याची पुन्हा साखर करतं आणि रक्तात सोडतं.

म्हणजे या अडीच महिन्यांत गाठीला जेवण मिळतच राहिलं. आईला मिळालं नाही.

आता ते वजन बघ. ५४ वरून ४८.५, म्हणजे दहावा हिस्सा गेला. कॅन्सरच्या रुग्णाचं वजन सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त आपोआप उतरलं तर डॉक्टर ते गंभीर धरतात. आणि स्तनाच्या कॅन्सरच्या केमोत तर पुष्कळ बायकांचं वजन उलट वाढतं. तुझ्या आईचं उतरलं त्याचा मोठा वाटा मला तरी ताटात दिसतो. तरी तिच्या डॉक्टरांना विचारून दुसरं कारण नाही ना, याची खात्री करून घे. स्नायू घटला की केमो झेपत नाही, डोस कमी करावा लागतो किंवा पुढे ढकलावा लागतो. चौथी केमो पुढे गेली तेव्हा गाठीला एक आठवडा जास्त मिळाला. हे वाचताना तुला लागेल, मला माहीत आहे. पण ही गोष्ट दुरुस्त होण्यासारखी आहे, म्हणूनच सरळ लिहिते.

डॉक्टर लपवताहेत का? नाही. त्यांनी चूक केली असेल तर ती ‘सगळं खाऊ द्या’ एवढ्या तीन शब्दांवर तुला परत पाठवण्याची. तुला कारण हवं होतं. ओपीडीतली गर्दी मी पाहिली आहे, त्यांच्याकडे वेळ नसतो, पण कारण न मिळालेला माणूस व्हिडिओकडे जातो. तू त्यातली पहिली नाहीस.

उलट कॅन्सरच्या पेशीच्या या हावरेपणावर डॉक्टर पाऊणशे वर्षांपासून हल्ला करत आले आहेत, आणि त्याचा एक धागा आपल्या मुंबईतून जातो. १९२८ मध्ये लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक जीवघेणा पंडुरोग होत होता. यीस्टच्या अर्कात असं काहीतरी आहे की ज्याने या बायका बऱ्या होतात, हे तिने दाखवून दिलं आणि १९३१ मध्ये छापलं. ते काहीतरी म्हणजे फोलिक ॲसिड, पेशीला नवीन डीएनए बांधायला लागणारं. पुढे बोस्टनमध्ये सिडनी फार्बर या डॉक्टरांना दिसलं की रक्ताचा कॅन्सर झालेल्या मुलांना फोलिक ॲसिड दिलं तर आजार आणखी भडकतो आहे. मग त्याच्या उलट काही देता येईल का? मूळच्या आंध्रातल्या भीमावरमच्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेने फोलिक ॲसिडसारखे दिसणारे बहुरूपी रेणू बनवले. पेशी ते खऱ्या फोलिक ॲसिडच्या जागी घेते आणि तिचं बांधकाम ठप्प होतं. १९४८ मध्ये फार्बर यांनी १६ मुलांना दिलेल्या या उपचाराची हकीकत छापली. त्यातल्या १० मुलांचा आजार काही काळ मागे हटला होता. त्या आधी या आजारात असं काही जवळजवळ घडतच नव्हतं. (सुब्बाराव यांची दुसरी ओळख मी प्रत्येक वर्गाला सांगायचे. मघाशी ज्याला रोख रक्कम म्हटलं, ते एटीपी ज्यांनी पहिल्यांदा शोधलं त्यांत तेही होते, १९२९ मध्ये.)

यात तुझ्यासाठी काय आहे, तर हे. फोलिक ॲसिड हिरव्या पालेभाजीत असतं. पण इलाज पालेभाजी बंद करून झाला नाही. पेशीच्या आत जाऊन नेमका एक टप्पा अडवणारं औषध करावं लागलं. त्याच घराण्यातलं मेथोट्रेक्सेट आजही वापरतात. रक्ताच्या कॅन्सरमध्ये दिलं जाणारं ॲस्पराजिनेज हे औषध रक्तातलं एक अमिनो आम्लच संपवून टाकतं, जे त्या पेशींना स्वतः पुरेसं बनवता येत नाही. मेंदूच्या काही गाठींमध्ये आयडीएच नावाच्या ऊर्जाचक्रातल्या एन्झाइमचा जनुक बिघडलेला असतो. त्यावरच्या व्होरासिडेनिब या गोळीला २०२४ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. पेशीच्या चयापचयाची लढाई चालू आहे, जोरात चालू आहे, पण ती औषधाच्या टेबलावर आहे. स्वयंपाकघरात नाही.

तू विचारशील, साखर उतरवण्याचं औषध देऊन पाहिलंय का कोणी? पाहिलंय, आणि नेमकं तुझ्या आईच्या आजारात. मधुमेह नसलेल्या, स्तनाच्या कॅन्सरवर उपचार घेतलेल्या ३,६४९ रुग्णांच्या चाचणीत निम्म्यांना मेटफॉर्मिन दिलं, निम्म्यांना नुसती दिखाऊ गोळी. २०२२ मध्ये निकाल छापला गेला. कॅन्सर परत येण्याच्या बाबतीत दोन्हींत फरक दिसला नाही. माझ्यासारख्या कितीतरी जणांना त्या चाचणीकडून फार आशा होती. निकाल वाचला त्या दिवशी मला वाईट वाटलं होतं.

आणि कीटो. इथे मी तुला सरसकट ‘थोतांड’ म्हणणार नाही, कारण ते तसं नाही. कॅन्सरवरच्या औषधांच्या एका गटाने रक्तातली साखर आणि इन्शुलिन चढतं आणि वाढलेलं इन्शुलिन औषधाचा परिणाम खाऊन टाकतं. २०१८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात असं दिसलं की या औषधाबरोबर कीटो आहार दिला तर औषध जास्त लागू पडतं. पण त्याच प्रयोगात, औषधाशिवाय नुसता कीटो दिलेल्या ल्युकेमियाच्या उंदरांमध्ये आजार उलट वेगाने वाढला. व्हिडिओत पहिला अर्धा भाग असतो, दुसरा नसतो. माणसांवर अजून संशोधन चालू आहे, आणि ते वजन उतरलेल्या, केमो चालू असलेल्या बाईवर घरच्या घरी करायचं नसतं. युरोपातल्या आहार आणि चयापचय तज्ज्ञांच्या संस्थेने, एस्पेनने, कॅन्सरच्या रुग्णांसाठी केलेल्या मार्गदर्शनात कुपोषित किंवा कुपोषणाचा धोका असलेल्यांनी कीटो आणि उपास यांच्या वाटेला जाऊ नये असंच म्हटलं आहे. तुझ्या आईचं आजचं वजन बघता मी कीटोला स्पष्ट नाही म्हणते.

मग ‘सगळं खाऊ द्या’ म्हणजे परातभर जिलेबी का? तेही नाही. केमोबरोबर उलटी होऊ नये म्हणून बरेचदा स्टेरॉइड देतात, त्याने दोन-तीन दिवस रक्तातली साखर चढू शकते. आईची साखर या काळात तपासली आहे का ते विचार. चढत असेल तर ती आटोक्यात ठेवायलाच हवी, पण ती डॉक्टरांनी औषधाने आणि आहारतज्ज्ञाने ताट आखून. उपाशी ठेवून नाही. ज्यांना आधीपासून मधुमेह आहे त्यांनाही हेच लागू.

ताटाबद्दल माझं मत सांगते. आज आईला सगळ्यात जास्त गरज प्रथिनांची आणि पुरेशा उष्मांकांची आहे. किडनी ठीक असेल तर वजनाच्या दर किलोला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं असा हिशेब धरतात. म्हणजे तिला दिवसाला ६० ते ७० ग्रॅम. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणातही तेवढीच, पेलाभर दुधात तेवढीच. बघ, अर्धी भाकरी आणि पालेभाजी किती कमी पडत होती ते. तीन मोठी जेवणं तिला जाणार नाहीत. दर दोन-अडीच तासांनी थोडं थोडं दे. मुगाचं धिरडं, अंडं घालून केलेली भुर्जी, खात असाल तर माशाचा रस्सा, मऊ भातावर घट्ट वरण आणि चमचाभर जास्त तूप, दुधातली नाचणीची आंबील, शेंगदाण्याचा लाडू, पनीर. भात परत आण. तोंड आलं असेल तेव्हा मऊ, कोमट भातासारखं दुसरं काही उतरत नाही. फोडणीच्या वासाने मळमळत असेल तर तिला स्वयंपाकघरापासून लांब बसव आणि थंड झालेलं वाढ. केमोनंतरच्या दिवसांत पांढऱ्या पेशी उतरतात, तेव्हा कच्चं आणि बाहेरचं टाळ. फळ धुऊन, सोलून दे. फळ बंद करू नकोस. चालवत असेल तर अंगणात रोज थोडं चालू दे, कारण नुसतं खाऊन स्नायू परत येत नाही, त्याला काम लागतं. काढे, व्हिटॅमिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या, गव्हांकुराचा रस यांतलं काहीही डॉक्टरांना दाखवल्याशिवाय चालू ठेवू नकोस. आणि ताप १००.४ च्या वर गेला तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच वेळी दवाखाना गाठायचा. हे आहाराबाहेरचं आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

एक वही कर. दर रविवारी सकाळी, त्याच काट्यावर, त्याच वेळी वजन. रोज काय पोटात गेलं ते, काय राहिलं ते. पुढच्या केमोला जाताना ती वही ने आणि डॉक्टरांना ‘साखर चालते का’ असं विचारू नकोस, कारण त्याचं उत्तर पुन्हा तीन शब्दांत येईल. असं विचार: वजन साडेपाच किलो उतरलंय, पुढचा डोस झेपेल का? केमोनंतर साखर कधी तपासायची? आम्हाला आहारतज्ज्ञांकडे पाठवाल का? कॅन्सरवर उपचार करणाऱ्या मोठ्या रुग्णालयांत आहारतज्ज्ञ असतात, पण मागितल्याशिवाय गाठ पडेलच असं नाही.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एवढंच की सगळ्यांचं ताट एक नसतं. केमोत वजन वाढत असेल, उपचार संपून वर्ष झालं असेल, तर सल्ला वेगळा. आणि ज्यांना कॅन्सर नाही त्यांनी ‘म्हणजे साखर निर्दोष’ असा अर्थ काढू नये. जास्तीच्या चरबीचा १३ प्रकारच्या कॅन्सरशी संबंध आहे असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१६ मध्येच सांगितलं आहे, त्यात पाळी गेल्यानंतरचा स्तनाचा कॅन्सरही येतो. तू तेहतीस वर्षांची आहेस. साखर कमी करायचीच असेल तर तुझ्या स्वतःच्या चहातली कर.

आता पेढा.

माझ्या थोरल्या जाऊबाईंना कॅन्सर झाला तेव्हा घरात असंच सगळं बंद झालं होतं. मी त्या वेळी वर्गात लिव्हर साखर कशी बनवतं ते फळ्यावर काढून दाखवत होते. आणि घरी येऊन, त्यांच्या ताटात उकडलेला दुधी बघून गप्प बसत होते. मोठी माणसं ठरवताहेत, मी मध्ये कशाला बोलू, असं वाटायचं. त्यांनी एकदा मला हळूच विचारलं, “तुला तर यातलं कळतं ना गं, थोडा शिरा चालेल का?” मी म्हटलं, घरच्यांना विचारून सांगते. ते विचारायचं राहिलंच. शिरा खाऊन त्या वाचल्या नसत्या, त्यांचा आजार फार पुढे गेलेला होता. पण मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही, हे माझ्या मनातून गेलेलं नाही. म्हणून हे पत्र इतकं लांबलं.

तू पेढा काढून घेतलास तो आईवरच्या रागाने नाही. या आजारात घरच्यांच्या हातात काहीच नसतं. औषध डॉक्टर ठरवतात, तारीख दवाखाना ठरवतो, रक्त लॅब तपासते. तुझ्या ताब्यात एकच गोष्ट उरली, आईचं ताट, आणि ते तू घट्ट धरलंस. ते मला समजतं. पण आईच्या बाजूनेही बघ. तिच्याही हातात काही उरलेलं नाही. केमोत जिभेची चव जाते. वरण मातीसारखं लागतं, पाणी धातूसारखं लागतं, आणि पुष्कळांना गोड तेवढं थोडं कळतं. तो पेढा तिने हावरेपणाने खाल्ला नसेल. बऱ्याच दिवसांनी कशाची तरी चव लागली असेल. आणि कंदी पेढा म्हणजे बहुतांशी खवाच की. तिला आज जे हवं ते, दूध, प्रथिनं, तूप, त्यातच होतं.

तिला माफी मागून आणखी अवघडवू नकोस. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या आया मुलींच्या माफीने रडतात आणि पुन्हा जेवत नाहीत. सरळ सांग, “आई, मी समजून घ्यायला चुकले, डॉक्टरांचं बरोबर होतं.” मग दुपारी वाटीभर दूध आणि एक पेढा समोर ठेव. दाराआड नको, बाहेरच्या खोलीत ठेव, आणि तू पण तिच्याबरोबर बस. मामेभावाला व्हिडिओ पाठवू नकोस असं म्हणायची गरज नाही. तोही लांब बसून काळजीच करतोय. त्याला वहीतल्या वजनाचा फोटो पाठवत जा, म्हणजे त्यालाही काहीतरी करायला मिळेल.

पुढची केमो वेळेवर झाली की मला दोन ओळी लिही. काट्यावरचा आकडाही लिही.